धोंडूमामाचं पागोटं

माझ्या सुपारीच्या दिवशी माझी होणारी सासू मोठ्यानं रडायला लागली, त्याला कारण मी नव्हतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे मी बायकोला पटवू शकलेलो नाही. तिचं म्हणणं, आईला पुढचं सगळं दिसलं असेल. खरं कारण होता माझा धोंडूमामा. त्यानं पाणी पिण्यासाठी डोक्यावरचं पागोटं काढलं होतं.

पागोटं काढलं म्हणून रडायचं काय, असं मुंबईचा माणूस विचारील. पण आमच्या कर्जत-खालापुराकडे पुरुषमाणूस परक्याच्या दारात बोडका होतो तो एकाच वेळी. कुणी गेलेलं असतं, आणि सांगायला तोंडातून शब्द फुटत नसतो. उंबऱ्यातल्या माणसाचा हात पागोट्याकडे गेला की घरातल्या बायका पुढचं ऐकायला थांबत नाहीत. त्यात मामाचा चेहरा मुळातच सुतकी. गालफडं बसलेली, मिशा ओघळलेल्या, आणि एक पाय गुडघ्यात न वाकणारा, त्यामुळे तो दारात शिरला की तिरडीला खांदा देऊन आल्यासारखाच दिसायचा. सासूबाईंचा भाऊ त्या दिवसांत तापानं आजारी होता. त्यांनी पागोटं उतरताना पाहिलं आणि हंबरडा फोडला. शेजारच्या बायका धावल्या. मामा मात्र रिकाम्या तांब्याच्या तोंडावर पागोट्याचं टोक ताणून, भरल्या तांब्यातलं पाणी त्यावर सावकाश ओतत बसला होता. तो प्याला. पागोटं पिळलं, झटकलं, उजेडाकडे धरून आरपार निरखलं. मग डोळे वर करून सगळ्यांकडे पाहत विचारलं, "का रं? कोन गेलं?"

त्या पागोट्यात मामा नारू शोधत असे.

नारू ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपल्या गावाच्या विहिरीला नारळ वाहावा. ठाऊक आहे त्यांना मी काय सांगू? उन्हाळ्यात पायाला फोड येतो, आगीसारखा जळतो. पाय पाण्यात बुडवला की फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या सुताचं एक टोक डोकावतं. हे सूत जिवंत असतं. ते काडीला गुंडाळायचं, आज बोटभर, उद्या बोटभर. ओढायचं नाही. ओढलं की तुटतं, आणि आत उरलेलं सडून पाय जन्माचा जातो. पायऱ्यांच्या विहिरी असलेल्या आमच्या गावांत शिमगा सरला की निम्मं गाव ओट्यावर पाय पसरून, नडगीला बांबूची काडी बांधून बसलेलं असायचं. एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायची रीतसुद्धा तशीच होती. "कवढा आला?" "आला करंगळीएवढा. तुजा?"

मामाचा सगळ्या पायऱ्यांच्या विहिरींवर दात होता. बायका घागरी घेऊन पायऱ्या उतरतात, गुडघाभर पाण्यात उभ्या राहतात, त्यांच्या पायांतला नारू पाण्यात उतरतो आणि तेच पाणी आपण पितो, असं तो सांगे. इथवर त्याचं बरोबर होतं. पुढं मात्र त्याचं शास्त्र त्याचं स्वतःचं होतं. नारू पाण्यात अख्खाच्या अख्खा, सुतासारखा पोहत असतो आणि पागोट्यातून गाळलं की अडकतो, अशी त्याची खात्री होती. म्हणून ते उजेडाकडे धरून बघणं.

एकदा मी विचारलं, "मामा, जन्मभर गाळतोस. एक तरी घावला का?"

"गाळतो म्हून घावत नाय," मामा म्हणाला. "पाटलाच्या दारात रखवालदार हाय म्हून चोर येत नाय. मंग चोर येत नाय म्हून रखवालदार काढून टाकायचा का रं?"

यावर मी कर्जतच्या भातवखारीत बसून पुष्कळ विचार केला आहे.

त्याचे नियमही पुष्कळ होते. काडी गुंडाळताना नारूचं नाव घ्यायचं नाही, पाव्हणा म्हणायचं. "वरीसभर बिनबोभाट ऱ्हायला ना तुज्या पायात? मंग आता निघतो म्हनतोय तं त्याला ढकलू नको. जेवून जाईल." अळू खाल्लं की पाव्हणा लांबतो. पाव्हण्याच्या देखत भांडायचं नाही, तो दचकून आत जातो. आणि काडी फिरवणाऱ्यानं अवाक्षर बोलायचं नाही. हा शेवटचा नियम सांगताना तो काडी फिरवीतच असे आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू असे.

कर्जत स्टेशनात घाटाचं इंजिन जोडायला गाडी थांबे, तेव्हा उतारू पाण्यासाठी उतरायचे. एकदा मामा आणि मी फलाटावर उभे होतो. मामाला तहान लागली. पाणक्याकडून तांब्या घेऊन त्यानं पागोटं सोडलं. शेजारी घाटावरचा एक भला गृहस्थ उभा होता. त्यानंही झटकन आपलं पागोटं उतरवलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"अजून कोनी नाय," मामा म्हणाला. "हेच पानी तसंच प्यालो असतो, तं मी गेलो असतो."

गृहस्थ विचारात पडला. मग त्यानंही आपलं पागोटं तांब्यावर धरलं. इंजिनानं शिटी दिली तेव्हा आमच्या फलाटावर दोन बोडके पुरुष पाणी गाळत उभे होते, आणि डब्यातली एक म्हातारी डोळ्यांना पदर लावत होती.

एवढा मोठा बोलघेवडा, पण आपल्या पायाबद्दल तो काही बोलत नसे. ते मला आईनं सांगितलं. मामाला मिसरूड फुटायच्या वयात नारू झाला. निघायला लागला, पण पावसाचे ढग जमले होते आणि नांगराला माणूस हवा होता. वडलांनी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी धीर सुटला आणि त्यांनी काडीला हिसका दिला. सूत तुटलं. पाय वाचला, गुडघा गेला. भाताच्या लावणीला वाकायला दोन गुडघे लागतात, तेव्हा जिच्याशी त्याची सोयरीक ठरत आली होती त्या घरानं दुसरीकडे बघितलं. पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही. वडलांना तो त्यावरून कधी बोलला नाही. सगळा राग पायऱ्यांवर काढला.

आणि सगळी माया माझ्या धाकट्या बहिणीवर, यमूवर.

यमूच्या लग्नाच्या वेळी ही माया आमच्या मुळावर आली. आमच्यात लग्नात मुलीला मामानं हाताला धरून बोहल्यावर आणायचं असतं. मामा रुसला की लग्न अडलं. आणि धोंडूमामा कुठलंही स्थळ बघायला गेला की मुलगा राहिला बाजूला, आधी विहीर बघायचा. एक स्थळ त्यानं विहिरीच्या काठावरूनच परत फिरवलं. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या आजीला लुगडं वर करून नडगी दाखवायला सांगितली. तिथून आम्ही कसे सुटलो ते देवाला ठाऊक. गावात कुजबुज सुरू झाली, की एवढ्या सोयरिकी मोडतात म्हणजे पोरीतच काही खोट असणार. आईचं अन्न तुटलं.

शेवटी यमूच त्याला म्हणाली, "मामा, तुला रहाटाची विहीर पायजे. माजं लगीन रहाटाशीच लावून दे ना! सासू तरी नसंल."

मामा हसला नाही. "लाव म्हनलीस तं लावीन," म्हणाला.

मग करंजवाडीच्या रामजी पाटलांचं स्थळ सांगून आलं. घर भरलेलं, मुलगा महादू निर्व्यसनी, आणि यमूनं त्याला एका जत्रेत बैल सांभाळताना पाहिलेला होता. बैलांबद्दल ती घरी येऊन जरा जास्तच बोलली होती, यावरून आम्ही काय ते समजलो. निघताना आईनं मामाला अडवलं.

"धोंडू, ही सोयरीक मोडलीस ना, तर तुजं पागोटं चुलीत घालीन. आनि वर तुला."

"आक्का, मी कशाला मोडू? मी फकस्त पानी बगनार."

करंजवाडीत बैलगाडी थांबायच्या आधीच मामा उडी टाकून विहिरीकडे गेला. उडी म्हणजे ताठ पाय आधी, बाकीचा मामा मागून. आमचे वडील आणि मी पाटलांच्या ओटीवर जाऊन बसलो.

रामजी पाटलांचं वर्णन करायचं तर त्यांच्या पागोट्यापासून सुरुवात करावी लागेल. लाल, कडक, एवढं मोठं की खाली माणूस आहे हे नंतर लक्षात यायचं. पाटील झोपतानाही ते काढत नाहीत आणि पाटलीणबाईंनीसुद्धा त्यांचं डोकं पाहिलेलं नाही, असं गावात म्हणत. चैताच्या त्या तलखीत पाटील कमरेपासून खाली घोंगडी पांघरून बसले होते. पाहुणे आले तरी उठले नाहीत. वडलांना वाटलं, ताठा आहे.

गूळ-पाणी आलं तेव्हाच मामा परतला. कपाळावर आठ्या. त्यानं तांब्या घेतला, आणि मी डोळे मिटले. माजघरातून बांगड्यांचा आवाज आणि "अगं बाई!" ऐकू आलं, त्यावरून पागोटं उतरल्याचं मला कळलं.

"अवो!" पाटील गरजले. "सोयरीक करायला आलाव का सुतक घेऊन?"

"सुतक येऊ नाय म्हून तं गाळतोय," मामा ओतता ओतता म्हणाला. "पाटील, तुमचं घर चांगलं, पोरगा चांगला. पोरगी देतो. पर आदी तुमच्या बावीच्या पायऱ्या बुजवा, कठडा बांधा आनि रहाट लावा."

बाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. ती पाटलांच्या वडलांनी बांधलेली होती. तहानेल्या वाटसरूला दोराशिवाय पाणी मिळावं म्हणून, पुण्य लागावं म्हणून. गावात त्यांचं नाव निघे ते त्या पायऱ्यांमुळे.

"माज्या बापाच्या पायऱ्या बुजवू?" पाटलांनी ओटीवर हात आपटला. "तुमची पोरगी ऱ्हाऊ दे तुमच्याकडं! उठा! न्हाईतर मीच..."

आणि ते उठायला गेले. उठता आलं नाही. घोंगडी सरकली.

पाटलांच्या नडगीला बांबूची काडी बांधलेली होती.

वडलांनी छताकडे पाहिलं. मीही छताकडे पाहिलं, कारण घरातलं मोठं माणूस करतं तेच करावं. व्याह्यांपुढे लंगडताना दिसू नये म्हणून पाटलांनी सकाळीच घाईनं काडीला वळशावर वळसे दिले होते. सूत ताणून तारेसारखं झालं होतं. भोवतीची कातडी लाल, फुगलेली.

मामाचा चेहरा बदलला. तो ताठ पाय पुढे सोडून पाटलांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं काडी धरली.

"हात लावू नका!" पाटील ओरडले.

"हलू नका," मामा म्हणाला. "तुटंल."

त्यानं एक वळसा उलटा सोडला. मग आणखी अर्धा. सूत सैल पडलं तसे पाटलांचे आवळलेले दात सुटले. सगळ्यांनी श्वास टाकला. आणि त्याच क्षणी मामाच्या लक्षात आलं, की काडी अजून आपल्याच हातात आहे. त्याच्या मिशा हळूहळू वर चढल्या.

"हां," तो म्हणाला. "तं पाटील, पायऱ्यांचं काय म्हनत व्हता तुमी?"

या ठिकाणी माझी बायको मला नेहमी टोकते. तिच्या मते मी ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतो आणि दर लग्नाला पाटलांचा नारू वीतभर वाढतो. वाढत असेल. पण पुढचं मी एका शब्दानं वाढवलेलं नाही.

"ही जबरदस्ती हाय!" पाटील म्हणाले.

"जबरदस्ती कसली? सोयरीक हाय."

"धोंडू, सोड ते!" आमचे वडील कळवळले.

"सोडतो ना दाजी. पाटील एक हूं म्हनले की सोडतो."

पाटील काही कच्चे नव्हते. त्यांनी मामाच्या डोळ्यांत डोळे घातले. "ओढा! हाय हिंमत? ओढा बगू!"

मामाचा हात तसाच राहिला. त्यानं पाटलांच्या नडगीकडे पाहिलं, मग आपल्या समोर काठीसारख्या पसरलेल्या पायाकडे. बराच वेळ. मग काडी अलगद पाटलांच्या पायाला टेकवून चिंधीनं बांधून टाकली.

"नाय," तो म्हणाला. "मला नाय ओढता येत."

एवढंच. पागोटं बोटांत तसंच ओलं. आम्ही उठलो. सोयरीक मोडली असं धरून वडील जोडे शोधायला लागले. आईला काय सांगायचं, याचा मी विचार करत होतो. यमूला काय सांगायचं, हा विचार करवत नव्हता.

मामा उठेना. "तुमी व्हा फुडं," तो म्हणाला. "यांचा पाव्हणा जायाचाय अजून. यांच्या हातात घाई हाय. मी ऱ्हातो."

"माज्या घरात?" पाटील म्हणाले.

"मंग काय पाय संगं घेऊन जाऊ?"

आणि मामा खरोखरच राहिला. न बोलावता, पाटील रोज जा म्हणत असताना. सकाळी काडीला एक वळसा, की दिवसभर भांडण. मधून मधून मी जाऊन यायचो तेव्हा ओटीवर दोन ताठ पाय शेजारी शेजारी पसरलेले दिसायचे आणि वर दोन आवाज. पाटील म्हणायचे, पुण्य मोडवत नाही. मामा म्हणायचा, पुण्य गाळून प्या. पाव्हण्यादेखत भांडायचं नाही हा नियम दोघांनी मिळून मोडला, तरी पाव्हणा दचकला नाही. उलट, मला वाटतं, कंटाळून बाहेर आला.

अखेरचं टोक निघालं त्या दिवशी मी तिथंच होतो. पाटील काडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माज्या बापाचा पाय बी याच्यातच गेला."

"आनि तरी पायऱ्या?" मामा म्हणाला.

"मंग? त्यानंच बांधल्या व्हत्या. त्याला सांगनार कोन?"

मामानं काडी चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "पाटील, बापाची सगळ्यात वरची पायरी काढा. कठड्यात वर बसवा. आता लोक तिच्यावर पाय देत्यात. मंग हात टेकतील."

पाटलांनी घोंगडीचं टोक डोळ्यांना लावलं आणि घोंगडीला धुरळा फार बसतो म्हणाले. मग एकदम ताठ झाले. "बुजवीन. पर माजी बी एक अट हाय. लगीन आमच्या दारी. माज्या मांडवात तुमी पागोटं उतरवायचं नाय. एकदा बी नाय. माज्या घरात शुभकार्य हाय."

"कबूल," मामा म्हणाला. आपण काय कबूल केलं हे त्याला वैशाखात कळलं.

लग्नाच्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. नवा कठडा उभा होता, रहाट करकरत होता, गावातल्या म्हाताऱ्या मामाकडे बोट दाखवून "ह्यो बग, पायऱ्या खाल्लेला" म्हणत होत्या. रहाट असो नाही तर साक्षात गंगा असो, न गाळलेलं पाणी मामाच्या घशाखाली उतरत नसे, आणि पागोटं तर उतरवायचं नाही. तो सकाळपासून पाण्याचा थेंब प्याला नाही. वऱ्हाडणींनी पाण्याचे तांब्यामागून तांबे पुढे केले. मामा हात जोडे. ओठ सुकले, आवाज बसला, आणि मामाचा आवाज बसलेला आम्ही प्रथमच ऐकला. पण यमूचा हात धरून, तो ताठ पाय अर्धगोल फिरवीत तो बोहल्याशी आला तेव्हा असा चालत होता, की पाहणाऱ्याला वाटावं, वाकणारा गुडघा हीच व्यंगाची गोष्ट आहे. पागोटं जागच्या जागी होतं. पाटील सारा वेळ अंतरपाटाकडे न बघता त्या पागोट्याकडे बघत होते.

निघताना शिवेबाहेर ओहोळ लागला. मामानं गाडी थांबवली, पागोटं सोडून पाण्यावर पसरलं आणि त्यावरून गाय पिते तसा प्याला.

मग वर्षं गेली. यमूला दोन मुलं झाली. करंजवाडीत नारू कमी होत होत नाहीसा झाला, आणि माणसाची जात अशी, की रहाटाआधी काय होतं हे पोरासोरांना सांगूनही खरं वाटेना. मामा थकला. ऐकू कमी येई, दिसे त्याहून कमी. मला आठवतो तो शेवटचा मामा यमूच्या धाकट्याच्या जावळाच्या दिवशीचा. मीच त्याला गाडीतून घेऊन गेलो होतो. वाटेत त्यानं विहिरीशी गाडी थांबवायला लावली, उतरला, कठड्यावरच्या त्या पायरीवर दोन्ही हात टेकवून जरा वेळ उभा राहिला, आणि आत थुंकू नका असं जवळ नसलेल्या कुणाला तरी बजावून परत आला.

ओटी माणसांनी भरलेली होती. यमूनं पाण्याचा तांब्या आणला. मामाचा हात सवयीनं पागोट्याकडे गेला, आणि मध्येच थांबला. शुभकार्य होतं. पाटील समोर होते. त्यानं हात खाली घेतला. तांब्याकडे नुसतं बघत राहिला.

"थांबा," रामजी पाटील म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात वर नेले, आणि ते लाल, कडक पागोटं डोक्यावरून उतरवलं. भरल्या ओटीवर, शुभकार्यात, आपल्या घरात. माजघरातून कुणी रडलं नाही, कारण सगळ्या बायका बघत होत्या. पाटलांना एक केस नव्हता. गावानं ते डोकं प्रथमच पाहिलं. पाटलीणबाई पदरात तोंड लपवून हलत होत्या, हसत होत्या की काय ते कळलं नाही. पाटलांनी रिकाम्या तांब्यावर पागोट्याचं टोक ताणून धरलं आणि यमूला म्हणाले, "वत गं, सूनबाय. हळू."

पाणी झिरपून उतरलं. पाटलांनी तांब्या मामाच्या हातात दिला.

"रहाटाचं हाय," ते म्हणाले. "गाळायची गरज नाय. पर तुमाला त्याबिगर गोड लागत नाय."

मामा प्याला. सगळं प्याला. मग पाटलांच्या हातातलं ओलं पागोटं त्यानं आपल्याकडे ओढलं, उजेडाकडे धरलं आणि डोळे बारीक करून आरपार न्याहाळलं. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"पाटील," तो म्हणाला, "हे कदी धुतलंय का वो?"